'अटॅक नंबर वन' कशी बघायची: १०४ भाग, जुने नियम आणि भरपूर रडारड

भाचीने मे महिन्याच्या सुट्टीत 'हायक्यू' ही मुलांच्या व्हॉलीबॉलवरची जपानी कार्टून मालिका पूर्ण संपवली आणि मग माझ्या डोक्याशी बसली, मावशी अशी मुलींची नाही का गं एखादी. आहे ना, म्हटलं, आणि ती तुझ्या आईच्या जन्माच्याही आधीची आहे. मोठ्या उत्साहाने 'अटॅक नंबर वन' लावून दिली आणि बाईसाहेब दुसऱ्या भागातच उठून गेल्या. "मावशी, बॉल नेटवरून पलीकडे जायलाच पाच मिनिटं लागतायत, आणि पॉइंट झाला तरी स्कोअर हलत नाहीये, हे बिघडलंय का?"

बिघडलेलं काही नव्हतं. चूक माझी होती, मी तिला काहीच न सांगता डायरेक्ट पाण्यात ढकललं. नंतर नीट तयारी करून परत सुरू केली तर तीच मुलगी जेवणाच्या ताटावरून उठेना. ती तयारी काय केली ते सगळं खाली लिहितेय. मी स्वतः कॉलेजला व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टर (स्मॅशसाठी बॉल वर उचलून देणारी) म्हणून खेळलेय, त्यामुळे लेख थोडा खेळाकडे झुकेल, अॅनिमेची, म्हणजे जपानी कार्टूनची, जाणकार वगैरे मी नाही, चालवून घ्या.

आधी बरोबर मालिका शोधा, कारण 'मिला' दोन आहेत

हे पहिलं काम, आणि इथेच निम्मे लोक चुकतात. आपल्याला हवी ती मालिका म्हणजे 'अटॅक नंबर वन', फुजी टीव्हीवर डिसेंबर १९६९ ते नोव्हेंबर १९७१ अशी दोन वर्षं दर रविवारी संध्याकाळी लागायची, एकूण १०४ भाग, स्टुडिओ टोक्यो मूव्ही. मूळ मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, चिकाको उरानो यांची, १९६८ पासून 'मार्गारेट' या मुलींच्या साप्ताहिकात यायची. नायिका कोझुए आयुहारा.

आता घोळ असा की १९८४ मध्ये 'अटॅकर यू' नावाची दुसरी मालिका आली, ५८ भागांची, तीही मुलींच्या व्हॉलीबॉलवरच, नायिका यू हाझुकी. दोन्ही मालिका युरोपात गेल्या आणि तिकडच्या चॅनेलवाल्यांनी सगळ्यांची बारशी नव्याने केली. जर्मनीत कोझुएची झाली 'मिला', मालिकेचं नाव 'मिला सुपरस्टार'. इटलीत मात्र कोझुए झाली 'मिमी' आणि 'मिला' हे नाव मिळालं यू हाझुकीला, वर इटालियन डबिंगमध्ये या दोघींना चक्क चुलतबहिणी करून टाकलं, म्हणजे दोन वेगळ्या लेखकांच्या मुली एका घरात नांदायला लागल्या. फ्रान्समध्ये यू झाली 'जान'. त्यामुळे नेटवर 'मिला व्हॉलीबॉल' शोधलंत तर काय हाती लागेल सांगता येत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे चित्राची धाटणी. डोळे अर्धा चेहरा व्यापणारे, त्यात चांदण्या, आणि एकूण रंगांवर जुन्या कॅलेंडरसारखी छटा असेल तर ती १९६९ ची. जरा चकचकीत, ऐंशीच्या दशकातल्या फॅशनची, तर ती दुसरी.

जपानी आवाज आणि खाली सबटायटल असलेलीच बघा. डबमध्ये नावं बदलतात आणि पार्श्वसंगीतही कुठे कुठे बदललेलं असतं. शिवाय कोझुएचा मूळ आवाज चुकवू नये असा आहे. तो कुरुमी कोबातो यांचा, त्या लहानपणापासून गाणाऱ्या कलाकार, आणि गंमत म्हणजे पुढे इंग्रजी बालगीतांचा अभ्यास करून त्या विद्यापीठात प्राध्यापक झाल्या.

याच स्टुडिओने त्याच्या आदल्याच वर्षी बेसबॉलवरची 'क्योजिन नो होशी' सुरू केली होती, बाप मुलाला पिळून काढतो ती. ती ओळखीची वाटत असेल तर बरोबर आहे, २०१२ मध्ये तिचीच क्रिकेटवाली आवृत्ती 'सूरज द रायझिंग स्टार' म्हणून आपल्याकडे लागली होती, मुंबईतला गरीब घरचा पोरगा आणि त्याचा कडक बाप. तेच रक्त या मालिकेत आहे, फक्त मुलींच्या अंगात.

अर्धा तास १९६४ ला द्या

हे टाळू नका, कंटाळा आला तरी. ही मालिका बघणाऱ्या जपानी मुलींना एक गोष्ट आधीच माहीत होती आणि आपल्याला नाही, सगळी अडचण तिथेच होते.

१९६४ च्या टोक्यो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आलं. जपानच्या महिला संघातल्या बहुतेक मुली ओसाकाजवळ काइझुका इथल्या निचिबो नावाच्या सूतगिरणीत कामाला होत्या. दिवसा गिरणीत काम, दुपारनंतर जिममध्ये, आणि मग मध्यरात्रीपर्यंत सराव. त्यांचा प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु, लोक त्याला 'राक्षस दाइमात्सु' म्हणायचे, हा माणूस दुसऱ्या महायुद्धात इम्फाळच्या मोहिमेतून जिवंत परतलेला. म्हणजे आपल्या मणिपूरच्या चिखलातून गेलेला माणूस नंतर मुलींना व्हॉलीबॉल शिकवतो, आणि कसा शिकवत असेल याची कल्पना तिथूनच करावी. युरोपच्या दौऱ्यात या मुलींनी सगळ्यांना धूळ चारली तेव्हा त्यांना 'पूर्वेच्या चेटकिणी' हे नाव पडलं. १९६२ मध्ये मॉस्कोत जाऊन त्यांनी सोव्हिएत संघाला हरवून जगज्जेतेपद आणलं.

मग २३ ऑक्टोबर १९६४, ऑलिम्पिकचा शेवटचा सामना, समोर परत सोव्हिएत. जपान ३-० ने जिंकला, १५-११, १५-८, १५-१३. टोक्यो भागात त्या प्रक्षेपणाची प्रेक्षकसंख्या ६६.८ टक्के मोजली गेली, म्हणजे गल्लीत चिटपाखरू नसणार. तिसऱ्या सेटमध्ये जपान १४ वर जाऊन बसला आणि एक पॉइंट काही केल्या निघेना, सोव्हिएत मुली १३ पर्यंत आल्या. शेवटी सोव्हिएत खेळाडूचा हात नेटच्या पलीकडे गेला, ओव्हरनेट, फाऊल, आणि सुवर्ण. एवढी मोठी मॅच संपली ती शिट्टीने, स्मॅशने नाही, हे मला फार आवडतं.

त्यानंतर जपानभर पोरींना व्हॉलीबॉलचं वेड लागलं आणि चारेक वर्षांत ते मंगात उतरलं. मालिकेतला कडक प्रशिक्षक, शेवटी भिंतीसारखा उभा असणारा सोव्हिएत संघ, मध्यरात्रीचा सराव, जमिनीवर कोलांटी मारून उचललेले बॉल, हे कोणी मनाने रचलेलं नाही. २०२१ मध्ये ज्युलियन फारो या फ्रेंच दिग्दर्शकाने 'द विचेस ऑफ द ओरिएंट' नावाचा माहितीपट केला, त्यात खऱ्या मॅचचं फुटेज आणि या मालिकेतली चित्रं एकाला एक जोडून दाखवलीत, म्हाताऱ्या झालेल्या त्या खेळाडूही आहेत. तो मिळाला तर मालिकेच्या आधी बघू नका, पंधरा-वीस भाग झाल्यावर बघा. आधी बघितलात तर खरं फुटेज इतकं जबरी आहे की कार्टून फिकं वाटेल.

आता नियम. वही घ्या.

भाचीचा 'स्कोअर हलत नाहीये' हा प्रश्न इथे सुटतो. आज आपण जे व्हॉलीबॉल बघतो त्यात प्रत्येक रॅलीला (सर्व्हिसपासून बॉल पडेपर्यंतच्या खेळाला) कोणाला तरी पॉइंट मिळतो आणि सेट २५ चा. हे नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आलं. त्याआधी सेट १५ चा, आणि ज्याच्याकडे सर्व्हिस त्यालाच पॉइंट. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला पॉइंट नाही, फक्त सर्व्हिस मिळते. आम्ही कॉलेजला हेच खेळायचो, 'सर्व्हिस चेंज' म्हणायचो, आणि बरोबरीच्या टीम असल्या की १३-१३ वर अर्धा अर्धा तास चेंजच चेंज चालायचे, अंधार पडायचा, बॉल दिसायचा नाही, पण गेम संपायचा नाही.

मालिकेतला सगळा ताण या एका नियमावर उभा आहे. १४-१३ वर कोझुएची टीम रॅली जिंकते, सगळ्या जणी मिठ्या मारतात, आणि तुम्हाला वाटतं जिंकल्या. नाही जिंकल्या, फक्त सर्व्हिस मिळाली, आता ती करायची, टिकवायची, तेव्हा कुठे पॉइंट. आणि मागे पडलेली टीम परत येते ते याच नियमामुळे शक्य होतं, कारण पुढे असलेल्याला शेवटचा पॉइंट स्वतःच्याच सर्व्हिसवर काढावा लागतो.

म्हणून पहिल्या मोठ्या मॅचला हे करा. कागदावर दोन रकाने पाडा, दोन टीमची नावं लिहा, मधे पेन्सिलीने बाण काढा, ज्याच्याकडे सर्व्हिस त्याच्याकडे बाणाचं टोक. रॅली संपली की आधी बाण बघा, मग पॉइंट लिहायचा का बाण फिरवायचा ते ठरवा. आम्ही बाणाऐवजी खडूच्या डबीवर काडेपेटी ठेवून ती फिरवत होतो, तेही चालतं. एका मॅचनंतर कागद लागत नाही, डोक्यात बसतं.

बाकीचे फरक पटापट सांगते.

लिबेरो नाही. तो वेगळ्या रंगाच्या शर्टातला डिफेन्सवाला खेळाडू १९९८ चा. इथे सगळ्यांनीच सगळं करायचं, उंच असो की बुटकी.

ब्लॉकला, म्हणजे नेटपाशी उडी मारून स्मॅश अडवणाऱ्या हातांना, बॉल लागला तर तो तीनपैकी एक टच धरला जायचा, १९७६ मध्ये हे बदललं. म्हणजे ब्लॉकला लागून बॉल आपल्या बाजूला आला की फक्त दोनच टच उरले. ब्लॉकनंतर त्या घाईघाईने कसाही बॉल पलीकडे ढकलतात, तो लेखकाचा वेंधळेपणा नाही, दुसरा पर्यायच नसतो. हे कळेपर्यंत मी स्वतः टीव्हीवर ओरडत होते, अगं लिफ्ट घे की.

सर्व्हिस कोर्टाच्या मागे कुठूनही करता यायची नाही, उजव्या कोपऱ्यातल्या तीन मीटरच्या पट्ट्यातूनच. बॉलला पाय लावलेला चालायचा नाही. बॉल पांढरा, एकाच रंगाचा, त्यामुळे चित्रात तो फिरतोय का तरंगतोय हे रेषांनी दाखवावं लागायचं. आणि आजच्यासारखी पळत येऊन उडी मारून केलेली सर्व्हिस शोधू नका. तेव्हाचं हत्यार म्हणजे तरंगती सर्व्हिस, बॉलला फिरकीच द्यायची नाही, मग तो हवेत डुलतो आणि शेवटच्या क्षणी कुठे पडेल ते सर्व्हिस करणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. झाडावरून पान गळतं तसा. खऱ्या चेटकिणींचं हे मोठं शस्त्र होतं. मालिकेत त्याला जादूसारखं दाखवलंय, पण मूळ गोष्ट खरी आहे, आमच्या शेजारच्या तालुक्यात एक बाई अशी सर्व्हिस करायची आणि आम्ही सहा जणी एकमेकींकडे बघत उभ्या राहायचो.

नेट मात्र आजचंच, २.२४ मीटर, कोर्टही तेच, १८ बाय ९. त्यामुळे कोझुए नेटच्या वर कमरेपर्यंत जाते तेव्हा हसायला हरकत नाही.

वेळापत्रक

१०४ भाग, प्रत्येकी साधारण २५ मिनिटं, म्हणजे ४३ तासांच्या आसपास. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं सोडलं तर आणखी चारपाच तास कमी. हे आठवड्याभरात संपवायला जाऊ नका, डोकं दुखेल आणि शेवटी सगळ्या मॅच एकसारख्या वाटतील. ही मालिका आठवड्याला एक भाग या हिशोबाने बनलीय, त्यामुळे प्रत्येक भागात मागचं थोडं परत सांगतात, तीच तीच दृश्यं परत येतात, तेव्हा पैसे वाचवायला एकदा काढलेली चित्रं पुन्हा वापरायचेच. सलग बघितलं की ते खुपतं. आठवड्याला चार भाग धरा, सहा महिन्यांत होते. आम्ही शनिवारी दोन, रविवारी दोन असं ठेवलं.

पहिले दोन भाग एका बैठकीत बघा, कारण एकट्या पहिल्या भागात कोझुए जरा आगाऊ वाटते. टोक्योहून फुजिमीच्या शाळेत आलेली नवी मुलगी, आणि येऊन करते काय तर शाळेने ओवाळून टाकलेल्या, टवाळ समजल्या जाणाऱ्या मुलींची टोळी जमवते आणि तिथल्या व्हॉलीबॉल क्लबलाच आव्हान देते. पुढे प्रशिक्षक होंगो येतात, मग मिदोरी हायाकावा नावाची श्रीमंत, नाकावर माशी न बसू देणारी मुलगी येते. मिदोरीचा राग राग येईल, येऊ द्या. या दोघींचं वैर आणि मग मैत्री हा मालिकेचा कणा आहे, बाकी सगळं त्याच्याभोवती.

एक मॅच तीन-तीन, चार-चार भाग चालते. मॅचच्या मधे आठवड्याची सुट्टी घेऊ नका. मॅच सुरू होणारा भाग शनिवारी आला तर ती रविवारी संपेल असं बघा, नाहीतर शाळेत डब्याबरोबर स्कोअरचा कागदही जातो, आमच्याकडे गेला होता.

साधारण मार्ग असा: माध्यमिक शाळा, मग देशपातळी, मग निवडलेल्या मुलींचा संघ आणि परदेशी संघ, मग हायस्कूल आणि परत वर चढत जागतिक स्पर्धेपर्यंत. मधे कुठे ढेपाळल्यासारखं वाटलं तर हायस्कूलमधल्या काही सामन्यांवर उड्या मारल्या तरी गोष्ट तुटत नाही, मी स्वतः मारल्यात. पण इचिनोसे नावाचा मुलगा ज्या भागांत आहे ते सोडू नका, आणि त्याच्याबद्दल नेटवर आधी वाचू नका. एवढंच सांगते, रुमाल जवळ ठेवा.

मॅच चालू असताना बघायचं काय

पाच मिनिटं बॉल हवेत असतो हे खरंय. तो वेळ वाया घालवू नका.

एकतर त्या वेळात कोझुए विचार करत असते. बॉल येतोय, बॉल लांबट अंड्यासारखा होतो, मागचं चित्र जाऊन नुसत्या रेषा उरतात, आणि तिच्या मनात कालचं भांडण, आईचा चेहरा, प्रशिक्षकाचं वाक्य. नाटकातलं स्वगत समजा. आपल्या संगीत नाटकात तलवार उपसलेला वीर आधी पद म्हणतो आणि समोरचा शत्रू मुकाट उभा असतो, तेव्हा आपण 'आता मारेल ना तो' असं म्हणत नाही. तसंच इथे. हा तोल एकदा जमला की कंटाळा जातो.

दुसरं, बॉलवरची नजर काढून लिफ्टरकडे बघा. ही सवय खरी मॅच बघतानाही लावून घेण्यासारखी आहे. स्मॅश कोण मारणार हे लिफ्टरच्या खांद्यावरून कळतं, आणि या मालिकेच्या चित्रकारांना ते माहीत होतं असं माझं मत, कारण लिफ्टची चित्रं निवांत काढलीत, बोटं उघडी, कोपर बाहेर, कपाळाच्या वर बॉल. तिथे मी दोनदा थांबवून भाचीला दाखवलं, हे बघ, तुझी कोपरं आत जातात ती अशी बाहेर पाहिजेत.

कानावर हे शब्द बसवून घ्या, सबटायटल वाचायचे कष्ट निम्मे होतील: 'तोसु' म्हणजे लिफ्ट, 'रेशीबु' म्हणजे रिसीव, 'साबु' सर्व्हिस, 'बुरोक्कु' ब्लॉक, 'आताक्कु' तर कळेलच. 'सेनपाई' म्हणजे वरच्या वर्गातली, जिच्यासमोर मान खाली. 'कांतोकु' म्हणजे संघाचा सर्वेसर्वा. 'तोक्कुन' म्हणजे खास सराव, हा शब्द आला की पुढची दहा मिनिटं कोणीतरी जमिनीवर लोळणार हे नक्की. आणि 'कोंज्यो', याला आपल्याकडे जिगर म्हणता येईल, चिवटपणा म्हणता येईल, पण त्यात थोडं हट्टाने स्वतःला जाळून घेणंही आहे. खेळ आणि कोंज्यो मिळून जपानीत 'सुपोकोन' असा एक प्रकारच झाला, त्यातली मुलींसाठीची ही पहिली टीव्ही मालिका मानतात.

मारझोड आणि रडणं, यावर थोडं थांबून

मुलांबरोबर बघणार असाल तर हा भाग आधी वाचा. प्रशिक्षक थोबाडीत मारतात. दमून पडलेल्या मुलीवर बॉलमागून बॉल मारतात. इनोकुमा नावाचे प्रशिक्षक येतात तेव्हा तर बघवत नाही. आणि मालिका बऱ्याच वेळा त्यांची बाजू घेते, की बघा, मारलं म्हणून सुधारली.

आमच्या शाळेत पीटीचे एक सर होते, सर्व्हिस नेटमध्ये गेली की मैदानाला पाच चकरा आणि वर सगळ्यांसमोर बोलणं, तेही अंगावर आणि दिसण्यावर. आमच्यातली सर्वात चांगली स्मॅशर आठवीत खेळ सोडून गेली, आणि आम्ही कित्येक वर्षं म्हणत राहिलो की तिच्यात जिगर नव्हती. पन्नाशीला आल्यावर मला कळतंय की तिच्यात चांगलीच होती, तिने नाही म्हटलं. त्यामुळे इनोकुमांचे भाग मी गप्प बसून बघू शकत नाही. भाचीबरोबर बघताना दर वेळी थांबवलं आणि विचारलं, तुझ्या सरांनी असं केलं तर काय करशील. पहिल्यांदा म्हणाली सहन करीन. पुढच्या वेळी म्हणाली आईला सांगीन. तिसऱ्यांदा म्हणाली, मावशी आता थांबवू नकोस गं, कळलं मला.

दुसऱ्या बाजूने, रडण्याची जी थट्टा होते ती मला पटत नाही. सुरुवातीच्या गाण्याच्या मधे कोझुए स्वतः बोलते, मुलगी आहे म्हणून डोळ्यात पाणी येतंच अशा अर्थाचं काहीतरी, आणि ते वाक्य जपानमध्ये इतकं गाजलं की मालिका न बघितलेल्यांनाही माहीत असतं. आज ते खटकतं, खटकायलाच पाहिजे. पण मालिकेतल्या मुली रडतात आणि रडत रडत पुढचा बॉल उचलतात, रडून कोणी कोर्टाबाहेर जाऊन बसत नाही. १९६९ मध्ये टीव्हीवर मुलगी मुख्य भूमिकेत, जिंकायचंय म्हणून जिंकणारी, कोणाची बायको व्हायला नाही, हे किती घरांत पहिल्यांदा दिसलं असेल. दोन्ही गोष्टी एकाच मालिकेत आहेत, एक घेऊन दुसरी टाकता येत नाही.

आठदहा वर्षांखालच्या मुलांना एकटं लावून देऊ नका. त्यापुढच्यांनाही सोबत बसूनच दाखवा.

ती कोलांटी शिकायचीच असेल तर

हे होणारच, म्हणून लिहून ठेवते. फिरता रिसीव, जपानी लोक त्याला 'काइतेन रेशीबु' म्हणतात, बघितला की पोरं घरात लोळायला लागतात. आमच्याकडे हॉलच्या फरशीवर प्रयोग झाला आणि कोपराचं साल निघालं, वर टीपॉयची काच थोडक्यात वाचली.

ही युक्ती दाइमात्सुची. पाडली तरी आपोआप उभी राहणारी बुडाला जड बाहुली असते ना, ती बघून त्याला सुचली असं सांगतात. झेप घेऊन बॉल उचलला की माणूस पडतो आणि पडलेला माणूस पुढच्या बॉलला कामाचा नाही, म्हणून पडतानाच गिरकी घेऊन परत उभं राहायचं. म्हणजे शिकायचं ते पडायला, बॉलचं नंतर बघू.

गवत किंवा जाड मॅट. वाळू असेल तर उत्तम. सिमेंटच्या कोर्टवर अजिबात नाही. गुडघ्याला पॅड, लांब बाह्यांचा टीशर्ट. पहिले दोनतीन दिवस बॉल आणूच नका.

आधी बसून करा. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला लावायची, एका कुल्ल्यावर टेकून पाठीवर गोल होत तिरकं खांद्यावरून जायचं, आणि पाय अंगावरून येऊन गुडघ्यावर, मग पायावर. डोकं जमिनीला लागता कामा नये, लागलं तर हनुवटी सुटली होती. मानेवरून सरळ मागे कोलांटी मारायची नाही, तिरकंच. हे दोन्ही बाजूंना सहज जमलं की मग उभ्याने: कडेला एक लांब पाऊल, गुडघा इतका वाकवायचा की मांडी जवळजवळ जमिनीला टेकली पाहिजे, मग मांडी, कुल्ला, पाठ या क्रमाने जमीन लागू द्यायची. बहुतेक जण इथे उंचावरून धप्पकन पडतात. जमिनीजवळ जायचं आणि मग टेकायचं.

सगळ्यात शेवटी बॉल, तोही कोणीतरी हाताने हळूच कडेला टाकलेला. आधी बॉल, मग लोळण. लोळायच्या नादात बॉल राहून जातो, दर वेळी. एका हाताने उचलला तरी चालेल, वर उंच गेला पाहिजे, म्हणजे तुम्हाला उठायला आणि लिफ्टरला खाली यायला वेळ मिळतो. मान किंवा पाठ दुखत असेल त्यांनी यात पडूच नये. मीसुद्धा पडले नाही, कडेला खुर्ची टाकून सूचना देत होते.

संपल्यावर

१९७० आणि ७१ मध्ये मालिकेचे तुकडे जोडून चार सिनेमे निघाले होते, मालिका पूर्ण बघितली असेल तर त्यांची गरज नाही. १०४ भागांना वेळच नसेल तर एखादा बघून चव घ्या, पण घाईघाईत गोष्ट उरकलेली वाटेल. २००५ मध्ये माणसांना घेऊन केलेली मालिकाही आहे, ती बघितली नाहीत तरी चालेल असं माझं मत. 'अटॅकर यू' मात्र लगेच सुरू करू नका, महिनाभर जाऊ द्या, नाहीतर दर भागात कोझुएशी तुलना होते आणि बिचाऱ्या यूवर अन्याय होतो.

माहितीपट राहिला असेल तर तो आता. १९६४ च्या फायनलचं फुटेज लागलं की तुमचा बाण काढलेला कागद परत काढा. भाचीने काढला होता. तिसऱ्या सेटला जपान १४ वर अडकला तेव्हा ती काडेपेटी इकडून तिकडे फिरवत होती, आणि ओव्हरनेटची शिट्टी झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, सर्व्हिस कोणाची होती? म्हणजे पॉइंट धरायचा ना?"